मांड्या धरल्यात, तरी कार्डिओ चुकवायचा नाही? मग या चुका टाळा

बेळगावजवळचा राजहंसगड चढून-उतरून आलं की दुसऱ्या दिवशी जिना उतरताना कठडा धरावा लागतो. नवरात्रात रोज निघणाऱ्या दुर्गामाता दौडीचा तिसरा दिवस उजाडला की अनवाणी पळणाऱ्यांच्या पोटऱ्या हात लावू देत नाहीत. लष्कर भरतीसाठी १.६ किलोमीटरची वेळ कमी करायला रोज डांबरावर पळणाऱ्या पोरांची गत तर आणखी वाईट. या सगळ्यांना सल्ला एकच मिळतो : "आज पळू नको, सायकल मार."

सल्ला अर्धाच बरोबर आहे. सायकलवर पाय जमिनीवर आदळत नाहीत, हे खरं. पण तीच सायकल येळ्ळूरच्या रस्त्यानं गडावर चढवली, तर काल दुखावलेल्या मांड्याच आज पुन्हा राबणार. आदळणं वेगळं आणि स्नायूवर पडणारा भार वेगळा. पाय आंबलेले असताना दोन्ही कमी व्हायला हवेत आणि श्वास मात्र वाढायला हवा, कारण कार्डिओ म्हणजे हृदय-फुप्फुसांचा व्यायाम. आदळणं टळलं म्हणजे काम झालं असं धरून चालल्यानंच पुढच्या बहुतेक चुका होतात.

दुखणं कुठलं, हे न बघताच सुरुवात करणं

सवय नसलेल्या श्रमानंतर १२ ते २४ तासांनी सुरू होणारं, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त आणि पाच-सहा दिवसांत ओसरणारं दुखणं हे साधं अंग आंबणं. लॅक्टिक ॲसिड साठलं म्हणून दुखतं, असं तालमीत अजून सांगतात, ते खरं नाही. ते तर व्यायाम थांबल्यावर तासा-दीड तासात निघून जातं. खरं कारण म्हणजे स्नायू ताणला जात असतानाच त्याला जोर लावावा लागतो आणि त्याच्या तंतूंना बारीक इजा होते. चढापेक्षा उतार जास्त दुखवतो तो यामुळंच : उतरताना प्रत्येक पावलाला मांडीचा पुढचा स्नायू लांबत लांबत शरीराचं वजन आवरत असतो.

असं दुखणं दोन्ही पायांत जवळपास सारखं असतं, स्नायूच्या मांसल भागात असतं आणि दहा मिनिटं हालचाल केली की सैल पडतं. त्यात हलका कार्डिओ चालतो. पुढचं काही दिसलं, तर मात्र व्यायाम बंद करून डॉक्टर गाठायचा :

- नडगीच्या हाडावर बोटानं दाखवता येईल अशा एकाच जागी दुखणं, एका पायावर उडी मारली की कळ येणं. हाडाला बारीक चीर असू शकते.
- एकच पोटरी सुजलेली, गरम, लालसर. शिरेत रक्ताची गाठ झालेली असू शकते. तिच्यावर मालिश अजिबात करायची नाही.
- लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची होणं, मांड्या फुगून कडक होणं. स्नायू मोठ्या प्रमाणात फुटून त्यातला भाग मूत्रपिंडांवर येतोय, असा याचा अर्थ. पैज लावून शेकड्यानं बैठका मारल्यावर हे होऊ शकतं. त्याच दिवशी दवाखाना.
- पावसाळ्यात चिखलात काम केल्यावर ताप, डोळे लाल आणि पोटऱ्यांत असह्य दुखणं. खानापूर भागात रोपलावणीच्या दिवसांत "वाकून वाकून पाय भरले असतील" म्हणून हे अंगावर काढलं जातं. हा लेप्टोस्पायरोसिस असू शकतो. उंदरांच्या लघवीनं दूषित झालेल्या पाण्यातून तो होतो. वेळेत औषध मिळालं तर बरा होतो, उशीर झाला तर यकृत आणि मूत्रपिंडांवर जातो.

दुखणं दाबायला गोळी घेऊन पळणं

गोळीनं दुखणं दबतं, इजा तशीच राहते. कुठं थांबायचं हे सांगणारी खूणच त्यानं बंद होते. शिवाय घामानं अंगातलं पाणी कमी झालेलं असताना आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकसारखी औषधं मूत्रपिंडांना जड जातात. दुसरं टोक म्हणजे तीन दिवस खाटेवर पडून राहणं. हलक्या हालचालीनं पाय जितके मोकळे होतात, तितके पडून राहून होत नाहीत. ओढून ओढून ताण देण्याचाही फारसा फायदा नाही. दुखऱ्या स्नायूला जोरात ताणलं तर दुखणं उलट वाढतं.

सायकल : सीट खाली, गिअर जड, रस्ता चढाचा

सगळ्यात जास्त चुका इथं होतात, कारण सायकल चालवता येते म्हणजे आपल्याला सगळं कळतं असं प्रत्येकाला वाटतं.

पहिली गोष्ट सीटची उंची. सिग्नलला दोन्ही पाय टेकावेत म्हणून सीट खाली ठेवायची सवय आपल्याकडं सार्वत्रिक आहे. सीट खाली असली की गुडघा जास्त दुमडतो, आणि मांडीच्या पुढच्या स्नायूवर व गुडघ्याच्या वाटीवर भार येतो. नेमका जो भाग दुखतोय तोच. मोजायची पद्धत सोपी आहे. भिंतीला हात टेकून सीटवर बसा, एक पायडल अगदी खाली न्या आणि त्यावर टाच ठेवा. या स्थितीत गुडघा सरळ झाला पाहिजे. चालवताना टाचेऐवजी चवडा पायडलवर येतो, तेव्हा गुडघ्यात आपोआप हवा तेवढा बाक राहतो. चालवताना कंबर डावी-उजवीकडं डुलत असेल तर सीट जास्त वर गेली. पाना घेऊन अर्धा सेंटिमीटर खाली घ्या आणि पुन्हा बघा.

दुसरी गोष्ट गिअर. जड गिअरवर सावकाश दाबत गेलं की "आरामात चाललोय" असं वाटतं, पण प्रत्येक फेऱ्याला मांडीला जोर लावावा लागतो. हलक्या गिअरवर पाय भराभर फिरले की भार स्नायूवरून निघून हृदय-फुप्फुसांवर जातो. उजवा गुडघा १५ सेकंदांत किती वेळा वर आला ते मोजा. २० ते २२ म्हणजे मिनिटाला ८० ते ८८ फेरे, हे बरोबर. १५ च्या आत असेल तर गिअर उतरवा. बिनगिअरच्या काळ्या सायकलीवर तेवढे फेरे मारायचे तर वेग फार वाढतो. तिथं १३-१४ वर समाधान मानायचं आणि रस्ता सपाट निवडायचा.

बेळगावात हे रस्त्याचं प्रकरण वाटतं तितकं सोपं नाही. कॅम्पातले झाडांचे रस्ते पहाटे बरे पडतात. कपिलेश्वर किंवा तिसऱ्या रेल्वे गेटचा उड्डाणपूल वाटेत येत असेल, तर उभं राहून पायडल मारण्यापेक्षा खाली उतरून सायकल ढकलत न्या. यात कमीपणा कसला? निपाणीकडच्यांनी तवंदी घाटाचा मोह त्या दिवसापुरता सोडावा. जून ते ऑगस्ट पश्चिमेचा वारा जोराचा असतो, तेव्हा जाताना वाऱ्यावर तोंड करून निघा आणि येताना वारा पाठीशी घ्या. उलट केलंत तर दमलेल्या पायांनी वाऱ्याशी झुंजत घरी यावं लागतं. निघण्यापूर्वी हवा बघा. मऊ टायर म्हणजे फुकटचा चढ.

वेळ २० ते ३० मिनिटं. पहिली आठ मिनिटं अगदी सैल चालवा. तोवर दुखणं कमी झालं नाही, तर वळून परत या.

पाण्यात उतरून पुन्हा पायच मारणं

दुखऱ्या पायांना पाण्यासारखं दुसरं काही नाही. कमरेइतक्या पाण्यात शरीराचं साधारण निम्मंच वजन पायांवर येतं, छातीइतक्या पाण्यात एक-तृतीयांशाच्या आसपास, आणि मानेपर्यंत गेलात तर दहाव्या हिश्शाइतकं. पण टँकावर गेल्यावर बरेच जण फळी धरून पाय मारत बसतात. तो तर पायांचाच व्यायाम झाला. त्याऐवजी मांड्यांमध्ये धरायचा पुल बॉय म्हणून फोमचा ठोकळा मिळतो, तो घेऊन फक्त हातांनी फ्रीस्टाइल पोहा. २५ मीटर पोहून २० सेकंद थांबायचं, अशा आठ ते बारा फेऱ्या पुरतात. जांघेत किंवा गुडघ्याच्या आतल्या बाजूला दुखत असेल तर ब्रेस्टस्ट्रोक टाळा, त्यातली बेडकासारखी लाथ तिथंच ओढ देते.

पोहता येत नसेल तर छातीभर पाण्यात चाला : दोन मिनिटं जोरात, एक मिनिट सावकाश, असं १५ ते २० मिनिटं. हात पाण्याखाली ठेवून पुढं-मागं ओढा, नाहीतर दम लागत नाही.

विहिरीत पोहण्याची सवय गावोगावी आहे. पण दुखऱ्या पायात गोळा लवकर येतो आणि विहिरीत पाय टेकायला जागा नसते, तेव्हा एकट्यानं उतरू नका. पावसाळ्यात मलप्रभेत तर नाहीच नाही.

बैठका थांबवल्या की व्यायामच थांबला, असं समजणं

पायांना सुट्टी देऊन छाती भरून दम लागेल असा व्यायाम आपल्या तालमींतच आहे. बैठका बंद ठेवून जोर काढा, मुदगल फिरवा. मुदगल हलका घ्या. नवख्याला दीड-दोन किलो पुष्कळ झाला.

घरी करायचं तर बिनहाताची खुर्ची घ्या, पाय जमिनीवर सपाट ठेवा. सरळ ठोसे, वरच्या दिशेनं ठोसे, दोन्ही हात बाजूनं डोक्यावर नेऊन खाली आणणं, दोरी ओढल्यासारखे हात, आणि हातात अर्ध्या लिटरच्या पाण्याच्या बाटल्या घेऊन कमरेतून वळणं. प्रत्येक ४० सेकंद, मध्ये २० सेकंद विश्रांती. पाचही प्रकार झाले की एक फेरी, पाच मिनिटांची. अशा तीन फेऱ्या करा.

इथं चूक होते ती घड्याळावरचे ठोके बघून. तेवढ्याच श्रमाला हातांच्या व्यायामात नाडी पायांच्या व्यायामापेक्षा जास्त पळते, पाण्यात उलट मिनिटाला दहाएक ठोके कमी दिसतात. त्यामुळं रोजचा पळण्याचा आकडा दोन्हीकडं लागू होत नाही. बोलून बघा : पूर्ण वाक्य बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, इतका दम हवा. रक्तदाब असलेल्यांनी हात डोक्यावर ठेवून श्वास रोखू नये. हातांच्या व्यायामात दाब तसाही जास्त चढतो.

जिममधल्या मशिनचं नाव बघून फसणं

रोइंग मशिन हातांचं वाटतं, पण त्यातला मोठा जोर पायांनी ढकलण्याचा असतो. आंबलेल्या मांड्यांना ते नको. ट्रेडमिलला चढ दिला की पोटऱ्या आणि टाचेमागची शीर ताणली जाते, म्हणून चढ शून्यावरच ठेवा. क्रॉस ट्रेनर ठीक, पण रेझिस्टन्स सगळ्यात खालच्या दोन-तीन पायऱ्यांवर, आणि हलणारे दांडे हातांनी खरोखर ओढायचे, नुसते धरायचे नाहीत. दोरीच्या उड्यांत आदळणंही आहे आणि पोटऱ्यांवर भारही. भराभर घातलेले सूर्यनमस्कारही अशा दिवशी नकोत, एक पाय मागं टाकताना पुढच्या मांडीवर सगळा भार येतो.

चालणं मात्र कधीही चालतं. व्हॅक्सिन डेपोसारखी मातीची, सपाट जागा बघा आणि पाऊल लहान टाका. मोठं पाऊल टाकून भरभर चाललं की नडगीचे स्नायू भरून येतात.

बरं वाटलं की थेट जुन्या वेगानं पळणं

बसून उठताना दुखत नाही, एवढ्यावर जाऊ नका. जिना कठड्याला हात न लावता उतरता आला पाहिजे, एका पायावर उभं राहून टाच दहा वेळा उचलता आली पाहिजे आणि अर्धा तास भरभर चालून पाय तक्रार करत नसला पाहिजे. तिन्ही जमलं की मातीच्या मैदानावर एक मिनिट पळणं, दोन मिनिटं चालणं, असं १८ ते २१ मिनिटं. दुसऱ्या दिवशी सकाळी पाय ठीक असतील तर पळण्याचा वाटा वाढवा. उतारावर पळणं सगळ्यात शेवटी आणि थोडं थोडं. एकदा उतारानं दुखावलेला स्नायू सावरला की पुढचे काही आठवडे तेवढ्याच उताराला कमी दुखतो. म्हणून महिन्या-दोन महिन्यांनी एकदम अख्खा गड उतरण्यापेक्षा दर पंधरवड्याला अर्धा गड उतरलेला बरा.