आंबा संपताना, वेल चढताना : फळमाशी ओळखून सापळा लावा

मे अखेरीस कोकणातील हापूसच्या बागा रिकाम्या होऊ लागतात आणि पहिल्या पावसाबरोबर काकडी, पडवळ, दोडका, कारली यांचे वेल मांडवावर चढतात. या सुमारास काही बागायतदार आंब्यातले सापळे उतरवून तेच मांडवाला टांगतात आणि त्यांत माशी दिसत नाही म्हणून निर्धास्त राहतात. प्रत्यक्षात तेथे आमिषच चुकलेले असते.

फळमाशी ही एकच कीड नव्हे. आंब्यावर प्रामुख्याने बॅक्ट्रोसेरा डॉर्सॅलिस येते. तिची पाठ काळपट असून दोन्ही बाजूंना पिवळे पट्टे आणि पोटावर इंग्रजी टी अक्षरासारखी काळी खूण असते. तांबूस अंगाची झोनाटा आणि करेक्टा या फळमाशीच्या आणखी दोन जातींच्या पंखांच्या टोकाशी लहानसा तपकिरी ठिपका असतो, आणि पेरूवरही त्या आढळतात. या तिन्ही जातींचे नर मिथाईल युजेनॉल या गंधाच्या आमिषाकडे येतात. काकडीवर्गीय पिकांवरील माशीच्या पाठीवर मात्र मधोमध तिसरा पिवळा पट्टा असतो आणि तिचा नर क्यू ल्युर या दुसऱ्या गंधाच्या आमिषाकडे येतो. म्हणून दोन्ही आमिषे वेगवेगळ्या सापळ्यांत ठेवावीत.

एकाच जातीतही सर्व माश्या सारख्या नसतात. मिथाईल युजेनॉलला न भुलणाऱ्या डॉर्सॅलिसच्या नरांची पिढ्यान्‌पिढ्या निवड केली असता तो गुण संततीत उतरतो, असे प्रयोगशाळेत दिसले आहे. शिवाय सापळ्यात फक्त नर अडकतात. आधीच नराशी मिलन झालेली मादी फळाच्या सालीखाली अंडी घालतच राहते. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा रक्षक सापळा हेक्टरी 4 या प्रमाणात उपयुक्त आहे, पण तेवढ्यावर विसंबू नये.

खरे काम झाडाखाली आहे. अळी फळातून बाहेर पडून मातीत कोषात जाते, त्यामुळे गळलेली व किडकी फळे रोज वेचून किमान दोन फूट खोल पुरावीत किंवा घट्ट बांधलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत उन्हात ठेवावीत. ती शेणखताच्या ढिगावर टाकणे म्हणजे माशीला पाळणाघर उघडून देणे होय. काढणी संपताच झाडाभोवतीच्या आळ्यातील माती उकरून कोष उघडे पाडावेत.

ज्यांच्या बांधावर पेरू आहे त्यांनी आंबा उतरला तरी मिथाईल युजेनॉलचे सापळे काढू नयेत, कारण आंब्यावर वाढलेली माशी पुढे त्याच पेरूवर वळते.