किरायाच्या घरातील ओल आणि बुरशी : मृगापूर्वीची तयारी

बदली होऊन खेड्यात आलेल्या शिक्षकाला किंवा आरोग्यसेविकेला किरायाचे घर बहुधा उन्हाळ्यात दाखवले जाते, आणि मे महिन्यात विदर्भातली कोणतीही भिंत ठणठणीत कोरडीच दिसते. त्यामुळे घर ठरवण्याआधी दिवसाउजेडी ओलीच्या जुन्या खुणा शोधाव्यात. जोत्यापासून कमरेपर्यंत पांढरा लोणा लागून पोपडे सुटत असतील, तर ओल जमिनीतून चढते. आढ्याखाली किंवा कवेलूंच्या कडेला तांबूस ओघळ असतील, तर छत गळते. काळ्या मातीवरच्या घराचे तडे बाहेरूनही पाहावेत, कारण ही माती पावसात फुगते, उन्हात आकसते आणि भिंतींना फाकवते. एकाच कोपऱ्याला नुकताच चुना मारलेला दिसला, तर कारण विचारण्यात संकोच नसावा.

बुरशीचा सगळा दोष घरमालकावर टाकता येत नाही. खिडकीतल्या कूलरचे पाणी ओघळून खालची भिंत महिनोन्‌महिने भिजत असेल, खिडक्या बंद ठेवून पावसाळी दमटातही तो चालवला जात असेल किंवा ओले कपडे आतच वाळत असतील, तर त्या बुरशीची जबाबदारी भाडेकरूची आहे. कवेलू फेरणे, स्लॅबची भेग बुजवणे, भिंतीतला फुटका पाइप बदलणे ही कामे रीतीने मालकाची; पण केवळ रीतीवर विसंबू नये.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ याच्या कलम १४ नुसार, करारात वेगळे ठरलेले नसल्यास, घर राहण्याजोगे दुरुस्त ठेवणे मालकावर बंधनकारक आहे. किमान १५ दिवसांची नोटीस देऊनही त्याने वाजवी मुदतीत काम केले नाही, तर भाडेकरू ते करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो, मात्र वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच. हा कायदा अनुसूचीत नमूद केलेल्या क्षेत्रांपुरता आहे. आपले गाव त्यात नसेल, तर मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ याचे कलम १०८ पाहावे लागते. मालकाला ठाऊक असलेला आणि भाडेकरूला साध्या पाहणीत न दिसणारा महत्त्वाचा दोष सांगणे त्याला भाग आहे. परंतु भाड्यातून खर्च वळता करण्याची मुभा केवळ, जी दुरुस्ती करण्यास मालक बांधील आहे, तिच्यापुरतीच मिळते. बांधिलकी करारात लिहिलेली नसेल, तर ती सिद्ध कशी करणार? माझ्या मते खेड्यातल्या भाडेकरूने सर्वांत जास्त वेळ याच एका वाक्यावर खर्च करावा : छत, बाहेरच्या भिंती आणि नळजोडणी यांची दुरुस्ती मालक, नोटीस मिळाल्यापासून अमुक दिवसांत, स्वखर्चाने करील. करार करणाऱ्याच्याच नावाने घर आहे का, हे ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वरून, म्हणजे घरांच्या कर आकारणीच्या नोंदवहीवरून, पडताळावे.

राहायला जाण्याच्या दिवशी प्रत्येक खोलीचे चारही कोपरे, छत आणि न्हाणीची भिंत यांची तारखेसह छायाचित्रे काढून मालकाच्या मोबाइलवर पाठवावीत. पुढे बुरशी दिसल्यास नुसती पुसून टाकण्याआधी तिचेही छायाचित्र घ्यावे, कोणत्या पावसानंतर, कोणत्या जागी आली ते लिहावे आणि तोंडी सांगणे झाले तरी पत्राची सही-तारखेची पोच घ्यावी. गावात रोज समोरासमोर येणाऱ्या माणसाला पत्र देणे अवघड वाटते, म्हणून भाषा मवाळ ठेवावी, तारीख मात्र सोडू नये. दुरुस्ती स्वतः करावी लागलीच, तर गवंड्याच्या मजुरीची पावती आणि सिमेंटचे बिल भाड्याच्या पावत्यांसोबतच ठेवावे.