हायड्रोजन साठवताना आणि जाळताना या चुका टाळा

कॉलेजात हायड्रोजनचा प्रोजेक्ट निघाला की फळ्यावर पहिला आकडा येतो, किलोला १२० मेगाज्यूल ऊर्जा. पेट्रोलच्या पावणेतीनपट! आकडा खरा आहे, पण टाकी किलोत मोजून मिळत नाही, लिटरात मिळते. नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीत दिसतात तसल्या ५० लिटरच्या लोखंडी सिलेंडरमध्ये १५० बार दाबाला जेमतेम अर्धा किलो हायड्रोजन मावतो. म्हणजे दोन लिटर पेट्रोलची ऊर्जा, आणि ती वाहायला साठेक किलो लोखंड.

दुसरी चूक मला जास्त खटकते. साठवण एका गाडीची बघायची आणि जाळायची रीत दुसरीची. मार्च २०२२ मध्ये नितीन गडकरी ज्या टोयोटा मिरायमधून संसदेत गेले, तिच्यात ७०० बारच्या टाक्या असतात. पण त्या गाडीत हायड्रोजन जळतच नाही, फ्युएल सेलमध्ये त्याची वीज होते. तोच गॅस साध्या इंजिनात घातला तर बराचसा उष्णतेत जातो आणि टाकी लवकर संपते.

द्रव हायड्रोजनला उणे २५३ अंश लागतात. नागपूरच्या मे महिन्यात तो विषय सोडाच.

लँथनम-निकेलसारख्या मेटल हायड्राइडमध्ये, म्हणजे हायड्रोजन शोषून धरणाऱ्या मिश्रधातूत, दाब कमी, म्हणून प्रयोगशाळेला ते सोयीचं. मात्र गॅस वजनाच्या दीड टक्क्याहूनही कमी बसतो. ‘थोडा वेळ गॅस आला, मग बंद पडला’ ही तक्रार इथलीच. डबा रिकामा झालेला नसतो, गार पडलेला असतो, कारण गॅस सोडताना हायड्राइड उष्णता ओढून घेतं. बाहेरून कोमट पाणी फिरवा. भरताना उलट तापतं, तेव्हा गार पाणी. उन्हाळ्यात भरायला जास्त दाब लागतो, त्याला लीक समजू नका.

इंजिन फटाफट बॅकफायर करत असेल, म्हणजे गॅस इनटेकमध्येच पेटत असेल, तर आधी प्लग बघा. हायड्रोजनला पेटायला ०.०२ मिलिज्यूल पुरतात, त्यामुळे तापलेला प्लग किंवा काजळीचा कणही ठिणगीचं काम करतो. थंड प्रकारचा, म्हणजे टोक लवकर गार होणारा प्लग लावा आणि इनटेक व्हॉल्व्ह उघडल्यावरच गॅस सोडा. मिश्रण लीन, म्हणजे गॅस कमी आणि हवा जास्त, ठेवलं की नायट्रोजन ऑक्साइडही कमी होतात. पॉवर मात्र घटणारच, कारण मॅनिफोल्डमधून, म्हणजे हवा आत नेणाऱ्या नळीतून, दिलेला गॅस हवेची जागा खातो. एलपीजीच्या बर्नरवर हायड्रोजन जोडू नका, ज्योत मागे शिरते. ती उजेडात दिसतही नाही.

सीएनजीचा जुना सिलेंडर ‘चालून जाईल’ असं कुणी म्हणालं तर ऐकू नका, हायड्रोजनने काही पोलाद ठिसूळ होतं. सिलेंडरला मान्यता देणाऱ्या पेसो या केंद्र सरकारच्या संस्थेचं मुख्यालय आपल्याच नागपुरात, सेमिनरी हिल्सला आहे. आणि गॅस डिटेक्टर एलपीजीसारखा जमिनीलगत लावू नका. हायड्रोजन वर जातो, टिनाच्या शेडमध्ये तो आढ्याखाली साचतो. डिटेक्टर तिथे, आणि वर हवेला वाट.