प्रौढ दिव्यांगाची नातेवाइकांकडे सोय: आई-वडील असतानाच लावा

बौद्धिक अक्षमता, ऑटिझम किंवा सेरेब्रल पाल्सी असलेली व्यक्ती पुढे भावाकडे, बहिणीकडे किंवा मावशीकडे राहणार असेल, तर ही सवय आई-वडील हिंडते-फिरते असतानाच लावावी. ते गेल्यावर आठवड्याभरात घर हलवलं, तर माणसं आणि घर दोन्ही एकदम सुटतात. मग जेवण तुटतं, झोप उडते आणि सांभाळणारेही लवकर थकतात.

रविवारच्या दुपारच्या जेवणापासून सुरुवात करा. मग एक रात्र, मग शनिवार-रविवार, मग सलग पंधरा दिवस. आधीची पायरी अंगवळणी पडल्याशिवाय पुढे जाऊ नका. उशी, चादर, ताट-वाटी घरचीच न्या. आणि तिला स्वतःला काय हवं ते विचारा. बोलता येत नसेल तर बघा, त्या दारात ती आपणहून चप्पल काढते की जिन्यातच थबकते. थबकत असेल तर तो नकार समजा आणि कारण शोधा.

एक वही करा. त्यात गोळ्यांचं नाव, मिलिग्रॅम, वेळा आणि दुखतंय हे ती कसं दाखवते, ते लिहा. एरवी शांत असलेली व्यक्ती गालावर मारून घेऊ लागली, तर ‘वागणूक बिघडली’ म्हणण्याआधी दात आणि कान तपासून घ्या. फिटच्या गोळ्या एकदम थांबवल्या तर फिट्स वाढतात. घरबदलाच्या धांदलीत हेच होतं, म्हणून दोन आठवड्यांच्या गोळ्या जास्त ठेवा. फिट पाच मिनिटांहून लांबली तर १०८ लावा.

वन रूम किचनमध्येही झोपायची जागा रोज तीच हवी. बाथरूमला बाहेरूनही उघडणारी कडी लावा. वॉचमनशी ओळख करून द्या, तिच्या खिशात दोन फोन नंबर ठेवा.

अठरा वर्षांनंतर आई-वडीलही आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. वरील तिन्ही प्रकार आणि बहुविकलांगता यांसाठी नॅशनल ट्रस्ट कायदा, १९९९ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक स्तर समितीकडे कायदेशीर पालक नेमून घेण्यासाठी अर्ज करावा लागतो. मुंबई शहराचं जिल्हाधिकारी कार्यालय फोर्टला, उपनगरचं वांद्रे पूर्वेला. नेमणुकीनंतर पालकाने सहा महिन्यांत मालमत्तेची यादी द्यायची, आणि दर आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत हिशेब. त्यासाठी तिचं बँक खातं वेगळंच ठेवा. नॅशनल ट्रस्टचा एक लाखापर्यंतचा निरामय आरोग्य विमाही काढून घ्या.

दरमहा खर्चाला किती द्यायचे, हे संकोच न करता आधीच लिहून ठरवा. सांभाळणाऱ्या वहिनीला सुट्टी कधी आणि त्या दिवशी कोण येणार, तेही त्याच कागदावर लिहा.