थंडीत बिल वाढलं? नवा गिझर घ्यायच्या आधी या चुका टाळा

दिवाळी झाली की माझा फोन वाजायला लागतो, तो शिवरात्रीपर्यंत. "पाणी तापेना झालंय." "सोलर गेला वाटतं." "मीटर पळतोय बघा, एवढं बिल कधीच आलं नव्हतं." कोल्हापुरात गिझर आणि पाणी तापवणाऱ्या सोलरची कामं करताना मला २२ वर्षं झाली. घरं बदलतात, चुका त्याच.

आपल्याकडची थंडी घर गारठवणारी नाही. जानेवारीत पहाटे पारा १५ अंशांच्या आसपास येतो आणि अकरा वाजता पुन्हा ऊन लागायला लागतं. खोल्या तापवायची गरज नाही, पंखे बंद, फ्रिजला काम कमी. मग खर्च वाढतो कशानं? जवळजवळ सगळा अंघोळीच्या पाण्यानं. तेवढं एक सांभाळलं की झालं.

गिझरचं बटण दिवसभर चालू ठेवणं

"थर्मोस्टॅट आहे की, आपोआप बंद होतोय." हे वाक्य मी रोज ऐकतो. बंद होतो हे खरं. पण टाकीतलं पाणी बसल्या बसल्या निवतं, थोडं निवलं की कॉइल पुन्हा लागते. सकाळी आठला सगळ्यांच्या अंघोळी उरकल्या, घर कुलूप लावून ऑफिसला गेलं, तरी गिझर संध्याकाळपर्यंत कुणासाठीही नसलेलं पाणी तापवत बसतो. जुन्या गिझरमधलं उष्णता धरणारं अस्तर दबलेलं असलं तर विचारूच नका.

साधा हिशोब सांगतो. १५ लिटर पाणी २० अंशांवरून ६० वर न्यायला सुमारे ०.७ युनिट लागतं आणि २००० वॅटच्या कॉइलला वीसेक मिनिटं. त्या टाकीत तेवढंच गार पाणी मिसळलं की ४० अंशांच्या दोन भरलेल्या बादल्या होतात, म्हणजे दोघांची अंघोळ. चौघांचं घर असेल तर दिवसाला दीड युनिटात भागायला पाहिजे. शॉवरखाली दहा मिनिटं उभं राहिलं तर ८० लिटर पाणी सहज जातं. ते एकट्याचेच जवळपास २ युनिट झाले.

माझ्या घरी पावणेसहाला बटण लागतं, सहा-पाचला पहिला माणूस आत जातो आणि बाकीचे लागोपाठ. शेवटचा माणूस आत जाण्याआधी बटण बंद करतो, टाकीतल्या पाण्यात त्याची अंघोळ होते. मोबाईलवरून चालणारा टायमर बसवा म्हणून मला कितीजण सांगतात. ज्याच्या हाताला बटण बंद करायची सवय नाही, त्याचा टायमरही दोन महिन्यांत उलटसुलट झालेला मी पाहिलाय.

हे युनिट बिलात इतके टोचतात ते स्लॅबमुळे. घरगुती बिलात पहिले १०० युनिट स्वस्त, १०१ ते ३०० ला दर एकदम चढतो. एरवी ९० युनिटात राहणाऱ्या घरात गिझरनं ६० घातले, तर त्यातले ५० वरच्या दरानं लागतात. वर इंधन समायोजन, म्हणजे इंधनाच्या वाढीव खर्चापोटीचा आकार, आणि १६ टक्के वीज शुल्क. मीटर पळत नसतो, स्लॅब ओलांडलेला असतो.

सोलर बिघडला असं समजून सुट्टे भाग बदलत सुटणं

ही चूक मला सगळ्यात जास्त लागते, कारण तिच्यात लोकांचे हजारो रुपये जातात.

तीन-चार वर्षांपूर्वीची गोष्ट. कळंब्याच्या बाजूला एका निवृत्त मास्तरांचं दुमजली घर. गच्चीवर २०० लिटरचा सोलर, घरात माणसं चार. डिसेंबरात पाणी कोमट यायला लागलं. कुणीतरी सांगितलं सोलरच्या काचेच्या नळ्या खराब झाल्या, मास्तरांनी नळ्या बदलल्या. कोमटच. दुसरा म्हणाला टाकी गेली, नवी घ्या. मास्तर वैतागले आणि गिझर घेऊन आले. मला बोलावलं ते गिझर बसवायला.

मी भिंतीला ड्रिल लावण्याआधी गच्चीवर गेलो. टाकीतून निघणाऱ्या पाइपचं पाणी बादलीत घेतलं, थर्मामीटर लावला, ५८ अंश. खाली बाथरूममध्ये तेच पाणी ३३. मधे पाइप फार तर ४० फूट. एवढ्यात २५ अंश कुठं गेले?

मग माझी नेहमीची चाचणी केली. सोलरच्या बाहेर पडणाऱ्या लाइनचा कॉक गच्चीवर पूर्ण बंद केला आणि खाली येऊन गरम पाण्याचा नळ सोडला. गरम लाइनमध्ये आता काहीच यायला नको. पण नळाला धो धो पाणी, आणि गार. म्हणजे गार पाणी घरातच कुठंतरी गरम लाइनमध्ये शिरत होतं.

वरच्या मजल्यावर ते सापडलं. नातवानं बाथरूमच्या मिक्सरला, म्हणजे गरम-गार पाणी एकत्र करणाऱ्या जोडनळाला, बटणवाला हँडशॉवर लावला होता. मिक्सरचे दोन्ही नळ कायम उघडे आणि पाणी बंद करायचं ते फक्त हँडशॉवरच्या बटणानं. तोंड बंद, मागं गरम आणि गार लाइन एकमेकींना जोडलेल्या. गार पाण्याची टाकी उंचावर, तिचा दाब जास्त, त्यामुळे गार पाणी मिक्सरमधून उलटं गरम लाइनमध्ये जात होतं. खाली मास्तर गरम नळ सोडायचे आणि त्यांना दोन्हीचं मिश्रण मिळायचं.

मिक्सरचे दोन नळ मी हातानं बंद केले. खाली ५४ अंश पाणी आलं. मास्तर बराच वेळ बादलीत हात घालून उभे होते. नंतर त्या मिक्सरच्या गरम-गार दोन्ही बाजूंना एनआरव्ही (पाणी एकाच दिशेनं सोडणारा व्हॉल्व्ह) बसवला, म्हणजे पाणी उलटं जाणार नाही, आणि गिझर दुकानात परत गेला. नळ्यांचे पैसे मात्र गेले ते गेले.

म्हणून सांगतो, आधी कॉक बंद करून नळ सोडा. पाच मिनिटं लागतात, पान्हासुद्धा लागत नाही. नवीन पोरं ही पाच मिनिटं देत नाहीत आणि सरळ नळ्या उपसायला घेतात, याचा मला फार राग येतो. गिझर आणि सोलर एकाच लाइनवर असतील तरीही मधे एनआरव्ही लागतोच, नाहीतर गिझरनं तापवलेलं पाणी वर गच्चीकडे चढतं आणि तुमच्या विजेवर सोलरची टाकी कोमट होते.

उन्हाळ्यातली सावली बघून जागा ठरवणं

मेच्या पहिल्या आठवड्यात कोल्हापुरात दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो, सावली पायाखाली. तेव्हा गच्चीवर उभं राहिलं तर कुठलाही कोपरा चालेल असं वाटतं. डिसेंबरात सूर्य दक्षिणेला इतका कलतो की १० फुटांची भिंत भर दुपारी साडेबारालासुद्धा आठ-साडेआठ फूट सावली टाकते. सकाळी आणि दुपारनंतर त्याहून लांब. दक्षिणेला जिन्याची खोली, पाण्याची टाकी किंवा शेजारचा मजला असेल तर सोलर नेमका थंडीतच उपाशी राहतो. मी आधी बसवायची जागा डिसेंबरात बघून ठेवायला सांगतो. लोकांना तेवढा धीर धरवत नाही. मग तेच जानेवारीत फोन करतात.

नळ्या पुसायच्या त्या पहाटे. ऊसपट्ट्यात गळीत हंगामात कारखान्याची राख नळ्यांवर बसते, ती काढलीच पाहिजे, पण भर दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी मारलं तर काच तडकते. दुपारी टाकी रिकामी झाली असेल तर तेव्हा भरायलाही जाऊ नका, संध्याकाळी भरा.

बाकीचं थोडक्यात. थर्मोस्टॅट ७५ वर ठेवून मग गार पाणी ओतत बसू नका, ५५-६० पुरे. बोअरचं पाणी असेल तर कॉइलवर क्षार बसतात, वर्षातून एकदा उघडून साफ करा. गरम नळ ठिबकत असेल तर आजच वायसर बदला. गच्चीवरचा उघडा गरम पाइप फोमच्या नळीनं झाका. पाऊण इंची पाइपात ५० फुटांत साडेचार लिटर गार पाणी उभं असतं, ते गटारात न सोडता बादलीत धरा. आणि अनुदानाची चौकशी करताना नीट विचारा: पीएम सूर्यघरचे ३ किलोवॅटला ७८,००० रुपये हे वीज करणाऱ्या पॅनेलसाठी आहेत, पाणी तापवणाऱ्या सोलरसाठी नाहीत.

बादलीत सोडायचा विजेचा रॉड वाईट नाही, विसरभोळेपणा वाईट. २० लिटरची बादली साधारण ०.६ युनिटात तापते. बादलीवर झाकण ठेवा, मोबाईलला गजर लावा. पाण्यात बोट घालून बघायच्या आधी पिन सॉकेटमधून काढा, नुसतं बटण बंद करून भागत नाही.

गॅस गिझर मी बाथरूमच्या आत बसवून देत नाही. कितीही ओळखीचा माणूस असो. बंद बाथरूममध्ये हवा संपते, ज्योत अर्धवट जळते आणि कार्बन मोनॉक्साइडला ना वास ना रंग. माणूस आतच बेशुद्ध पडतो. तो बाहेर, उघड्या हवेत लावा, आत फक्त पाइप न्या. दोन मीटर पाइप वाचवण्यासाठी हे टाळणारे लोक मला भेटतात, त्यांचं काम मी सोडून येतो.

आणि ज्यांच्या परड्यात अजून बंब आहे त्यांनी तो भंगारात घालू नये. करवीर, पन्हाळ्याच्या गावांत थंडीत चिपाडं, शेणी, तुराट्या असं जळण घरचंच असतं. फक्त आधी पाणी भरा, मग पेटवा. रिकामा बंब पेटवला की सांधे सुटतात. जळण वाळलेलं घ्या, प्लॅस्टिक घालू नका, दर आठवड्याला मधल्या नळीतली काजळी काढा. काजळीचा थर बसला की तेवढ्याच पाण्याला जळण जास्त लागतं आणि न्हाणीत धूर भरतो.