पाडकामाआधीची मोजणी: वस्तीची यादी वस्तीनेच कशी करावी

वस्ती हटवताना सगळं भांडण शेवटी एका कागदावर येतं. सरकारी यादीत नाव नसेल, तर ते कुटुंब तिथे राहतच नव्हतं असं धरलं जातं. म्हणून नोटिशीची वाट न पाहता आपली मोजणी करून ठेवा. मुंबईत १९८५ मध्ये फुटपाथवर राहणाऱ्यांची अशीच मोजणी झाली होती.

आधी क्रमांक. गल्लीच्या एका टोकाला सुरुवात करा, एक बाजू संपवा, मग दुसरी. क्रमांक दाराच्या चौकटीवर रंगवा, पण चौकटही पाडकामात जाते. म्हणून क्रमांक, दार आणि शेजारची न हलणारी खूण (विजेचा खांब, झाड, नळ) एकाच फोटोत घ्या. १४ क्रमांकाच्या घराच्या माळ्यावर वेगळं कुटुंब असेल तर त्याला १४-अ द्या. चूल वेगळी, तर अर्ज वेगळा.

अर्ज एका पानाचाच ठेवा: सगळ्यांची नावं आणि वयं, कधीपासून राहतात, कामाची व शाळेची जागा, घराची लांबी-रुंदी टेपने मोजून. वास्तव्याचा सर्वांत जुना तारखेचा कागद शोधा. दवाखान्याचा केसपेपर, शाळेचा दाखला, विजेचं बिल, काहीही चालेल. मधली वर्षं कोरी राहिली तर हरकत नेमकी तिथेच घेतली जाते.

मोजणी फसते ती बहुतेक तीन ठिकाणी. पहिलं, कुलूपबंद घरं: दिवसा कामावर गेलेली माणसं सुटतात, म्हणून तिथे किमान दोनदा, एकदा रात्री आणि एकदा सुट्टीच्या दिवशी जा. दुसरं, भाडेकरू. घरमालक त्यांचं नाव घालू देत नाही. अशा वेळी मालकाचा आणि भाडेकरूचा अर्ज वेगळा भरा, हक्क कुणाचा हा वाद यादीत सोडवू नका. तिसरं, एकट्या बायका, ज्यांना दीर किंवा मुलाच्या कुटुंबात गुंडाळलं जातं.

मग यादी चौकात लावा, सात दिवस हरकती घ्या आणि सभेत मोठ्याने वाचा. खोटी नावं इथेच गळतात. ती राहिली तर पाच नावांपायी पाचशेंची यादी फेटाळली जाते. दुरुस्ती खाडाखोड करून नको, एक रेघ मारून बाजूला सही घ्या. सरकारी कार्यालयात गोषवारा आणि नकाशा द्या, पोच घ्या. ओळखपत्रांच्या प्रती सरसकट वाटू नका. मूळ कागद एकाच पेटीत ठेवू नका. ती पेटीही ढिगाऱ्याखाली जाते.

२००७ च्या संयुक्त राष्ट्रांच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार पुनर्वसनासाठी हलवण्याआधी किमान ९० दिवसांची सूचना हवी. रात्री, खराब हवामानात, सणात, निवडणुकीच्या किंवा परीक्षेच्या तोंडावर पाडकाम नको. ही तत्त्वं म्हणजे थेट कायदा नव्हे, पण सरकारकडे करायच्या अर्जात मुद्देसूद लिहिता येतात.

पाडकाम झालंच तर यंत्राचा नंबर, आदेशाचा क्रमांक, वेळ आणि हजर अधिकाऱ्याचं पद लिहा. त्याच क्रमांकांनी त्याच जागेवरून पुन्हा फोटो घ्या. पंचनाम्यात भांडी-कपड्यांबरोबर शिलाई मशीन, हातगाडी, अवजारं आणि पत्रे-वासेही मोजा. पोट त्यावर चालतं आणि नुकसानीत नेमकं तेच राहून जातं.