दोन भावक्यांच्या मध्ये पडायचं कसं: बर्बेराच्या धक्क्यावर शिकलेलं

आमच्या गावची पालखी दोन शिमगे देवळाबाहेर आली नाय. वरची वाडी म्हणते आधी आमच्या सहाणेवर (पालखी ठेवायच्या चौथऱ्यावर), खालची म्हणते आधी आमच्या, त्यावरून होळीच्या रात्री काठ्या निघाल्या, चौघांना टाके पडले, दोन्हीकडून केसेस झाल्या आणि मग पाखाडीवरून येता-जाता माणसं मान फिरवायला लागली, तीही एकाच आडनावाची. तिसऱ्या शिमग्याला पालखी निघाली. तेव्हापासून आसपासच्या गावांतून फोन येतात की तुम्ही नक्की केलं काय, म्हणून एकदाच लिहून टाकतो, लांबलंय, चहा घेऊन बसा.

आधी थोडं बाहेरचं सांगतो कारण माझे डोळे तिथे उघडले. मी जहाजावर बोसन होतो, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम. शेवटची काही वर्षं मेंढ्या-बकऱ्या वाहणाऱ्या जहाजावर काढली, हज जवळ आला की आफ्रिकेतल्या बर्बेरा बंदरात माल भरायचा नि जेद्दाला उतरवायचा. लोडिंग रखडलं की धक्क्यावरचा एक म्हातारा हिशेबनीस वेलची घातलेला गोडमिट्ट चहा पाजायचा आणि त्यांची भांडणं मिटली कशी ते सांगत बसायचा. सोमालिया म्हटलं की आपल्याला चाचे आठवतात, पण बर्बेरा ज्या भागात आहे त्या, सोमालियातून फुटून निघालेल्या सोमालीलँडची गोष्ट वेगळी आहे. 1988 मध्ये सोमालियाचा हुकूमशहा सियाद बारे याच्या सरकारने स्वतःच्याच हर्गेसा शहरावर विमानातून बॉम्ब टाकले, जानेवारी 1991 मध्ये बारे पळाला आणि मागे राहिली ती बंदुका घेतलेली कुळं. कूळ म्हणजे आपली भावकीच, फक्त लाखालाखाची.

आता तारखा बघा. मार्च 1993 मध्ये युनोने आदिस अबाबाला 15 गटांच्या पुढाऱ्यांना बोलावलं, पंधरवड्यात करार करून सह्या घेतल्या. त्यानंतर राजधानी मोगादिशूत लढाई पेटली, ती जगाने टीव्हीवर बघितली, आपल्या लष्कराची पण एक ब्रिगेड तेव्हा तिकडे बैदोआच्या भागात होती, आणि मार्च 1995 पर्यंत युनोचं सगळं सैन्य गाशा गुंडाळून परत. आणि त्याच 1993 मध्ये, जानेवारी ते मे, उत्तरेला बोरामा नावाच्या गावात मताचा अधिकार असलेले 150 वडीलधारे बसले होते. चार महिने! खर्च बहुतेक तिथल्याच लोकांचा, बाहेरची मदत थोडीशी. उठले तेव्हा हत्यारांबद्दलचा करार झालेला, मोहम्मद हाजी इब्राहिम इगाल सोमालीलँडचा राष्ट्राध्यक्ष झालेला आणि वडीलधाऱ्यांची सभा, तिला गुर्ती म्हणतात, ती संसदेचं वरचं सभागृह झालेली.

म्हातारा म्हणायचा ते मी माझ्या भाषेत सांगतो. बाहेरच्याने जागा द्यावी, जेवण घालावं, निरोप न्यावेत, अटी मात्र त्यांच्या त्यांना लिहू द्याव्यात. हे मी ऐकलं होतं आणि तरी गावात येऊन पहिल्या झटक्याला नेमकं उलटं केलं. रात्र जागून 11 मुद्द्यांचा तोडगा टाईप केला आणि गावच्या ग्रुपवर टाकला, मला वाटलं वा काय काम केलं आपण. सकाळपर्यंत दोन्ही वाड्या ग्रुपमधून बाहेर आणि मी दोघांचाही शत्रू. सहा महिने गेले ते निस्तरायला.

तर पहिली गोष्ट, तुम्ही मध्ये पडायला लायक आहात का ते तपासा. बोरामाची गाडाबुर्सी कुळाची मंडळी 1992 मध्ये बर्बेरात कुळाकुळांत झालेल्या मारामारीत नव्हती, म्हणून त्यांच्या अंगणात बाकीचे येऊन बसले. तसं तुम्ही तिसऱ्या वाडीचे असाल तर उत्तम. वादाच्या जमिनीत हिस्सा नको, देवस्थान कमिटीत पद नको आणि मुख्य म्हणजे येत्या ग्रामपंचायतीला उभे राहणार असाल तर घरीच बसा. भांडण मिटवून ज्याला मतं मिळणार आहेत त्याला लोक बरोबर ओळखून असतात. एकट्याने जाऊ नका, दोघं-तिघं जा. आम्ही तिघं होतो, मी, एक निवृत्त गुरुजी आणि नर्स म्हणून नोकरी केलेल्या एक वहिनी, आणि खरं सांगायचं तर निम्मं काम वहिनींचं.

दुसरं, भांडणाच्या मूळ कारणाला सुरुवातीला हातच लावायचा नाही. तिकडे पण आधी फेब्रुवारी 1991 मध्ये बर्बेराला फक्त लढाई थांबवायचं बोलले, मग त्याच वर्षी बुराओला मोठी बैठक, पुढच्या वर्षी शेख गावात बर्बेराची मारामारी मिटवली, आणि तेव्हा कुठे बोरामा. पूर्वेकडच्या एरिगावोला तर मोठ्या बैठकीआधी कितीतरी छोट्या बैठका कुरणापुरत्या, पाण्यापुरत्या झाल्या. आम्ही पालखीचं नावच घेतलं नाही. फक्त तीन गोष्टी मागितल्या. एकमेकांवर स्टेटस टाकायचे बंद. वरच्यांनी बंद केलेला नळाचा व्हॉल्व उघडायचा आणि खालच्यांनी गडग्यातली वाट मोकळी करायची, दोन्ही एकाच दिवशी सकाळी सातला. आणि मयताला दोन्हीकडचे जाणार. बस. त्या तिसऱ्यावर कुणी नाही म्हणू शकलं नाही आणि पुढच्या महिन्यातच खालच्या वाडीतले एक आजोबा वारले, वरच्यांचे पाच जण आले, कोपऱ्यात उभे राहिले, बोलले नाहीत, पण आले.

मग माणसं निवडणं. इथे गडबड होते कारण आपण जो जास्त ओरडतो त्यालाच पुढारी समजतो. ज्या दिवशी त्या ओरडणाऱ्याच्या सहीला घरातल्या म्हाताऱ्याने मान दिला नाही त्या दिवशी कागद फाटला समजा. कोण बसणार ते भावकीने ठरवावं, तुम्ही नावं सुचवू नका, फक्त एवढं विचारा की हा माणूस हो म्हणाला तर बाकीचे ऐकतील ना? आणि मुंबईकर! हे विसरलात तर सगळं फुकट. निम्मे भांडणारे विरार, नालासोपाऱ्यात बसून फोनवर भांडतात, वकिलाचे पैसेही तेच पाठवतात, टाके मात्र गावच्यांना पडतात. बाहेर देशी राहणारी सोमाली मंडळीसुद्धा दोन्ही कामांना पैसे पाठवायची, लढायला आणि मिटवायला. आम्ही एक रविवार ट्रेन पकडून मुंबई मंडळाच्या दोन्ही गटांना वेगवेगळं भेटून आलो, काही ठरवलं नाही, फक्त चहा प्यायलो आणि गावात काय चाललंय ते सांगितलं.

बैठक कुठे घ्यायची याचा विचार नीट करा. देवळात नको, तिथे कोण कुठे बसतो हाच मान आणि तोच वाद. पोलीस ठाण्यात नको, तिथे माणूस खरं बोलत नाही. आम्ही गुरुजींची आंब्याची बाग घेतली. जेवणाचा खर्च दोन्ही भावक्यांनी आळीपाळीने केला. हे मुद्दाम, कारण 2002 मध्ये केनियात सुरू झालेली सोमाली बोलणी परदेशी पैशावर दोन वर्षं चालली आणि म्हातारा म्हणायचा, भत्ता चालू असला की भांडण संपवायची घाई कुणाला. आपल्या खिशातून भात-आमटी गेली की आपोआप मुद्द्यावर येतात. आणि मतदान घेऊ नका. सगळ्यांना बोलू द्या, तेच तेच तीनदा बोलू द्या, 1974 चं बोलले तरी बोलू द्या. आमच्या नऊ बैठका झाल्या, पहिल्या चार नुसत्या तक्रारीत गेल्या आणि मला वाटतं त्या चार नसत्या तर बाकीच्या पाच झाल्याच नसत्या.

आता बायकांचं, यावर मी जरा जास्त बोलणार. एकाच देवीच्या पालखीवरून भांडत असले तरी या दोन भावक्यांची आडनावं एक आणि कुळी वेगळ्या, त्यामुळे मुली एकमेकांकडे दिलेल्या. वरच्या वाडीची लेक खालच्या वाडीत सून. भांडण झालं की हिचं माहेर बंद, गौरीच्या ओवश्याला जाता येत नाही, आणि बैठकीत मात्र तिला जागा नाही कारण ती धड यांची नाही नि त्यांची नाही. सोमाली बायकांचं अगदी हेच होतं. 2000 साली जिबूतीत अर्ता इथे परिषद झाली, तिथे वाटणी कुळाप्रमाणे, चार मोठी कुळं आणि बाकीच्यांचं मिळून पाचवं, तेव्हा आशा हाजी एल्मी आणि तिच्याबरोबरच्या बायका म्हणाल्या की आम्ही सहावं कूळ, आणि जागा घेतल्या. आमच्याकडे वहिनींनी अशा 14 सुनांना ओटीवर बोलावलं. त्यांनी दोन्हीकडच्या खऱ्या गोष्टी सांगितल्या, कोण आतून थकलाय, कुणाला फक्त एक माफी हवीय, कुणाच्या पोराचं लग्न या केसमुळे अडलंय. ही माहिती बापये शंभर वर्षांत देणार नाहीत. तिकडे समेट पक्का करायला मुलगी लग्नात देण्याची पण जुनी रीत होती, ती मात्र तिकडेच राहू दे.

नुकसानीचा हिशेब हा कठीण भाग. सोमाली रिवाजात माणूस मेला तर रूढ दर 100 उंट, आणि ते मारणाऱ्याने एकट्याने नाही, त्याच्या सगळ्या भाऊबंदांनी मिळून भरायचे. यातली दुसरी अर्धी गोष्ट मला फार शहाणपणाची वाटली कारण मग सगळ्या भावकीलाच आपल्या दांडगटांवर लक्ष ठेवावं लागतं. आम्ही दवाखान्याची बिलं, फोडलेली रिक्षा आणि एक दरवाजा एवढंच धरलं, शिवीगाळ, अपमान यांचा हिशेब नाही, घरटी वर्गणी काढून भरलं. तिकडे हिशेब फेडण्याच्या पलीकडे गेला की 'काल रात्री जन्मलो' असं धरून जुनं सगळं पुसून टाकतात. ऐकायला छान आहे पण जपून वापरा. बाईवर हात टाकलेला असेल, कुणी मेलं असेल तर ते पंचांनी पुसायचं नसतं, तिथे बाजूला व्हा आणि कायद्याला काम करू द्या. मारामारीच्या केसमध्ये पण काही कलमं तडजोडीला चालतात, काही चालत नाहीत, म्हणून केस मागे घेऊ असं वचन वकिलाला विचारल्याशिवाय देऊ नका. जमिनीचा, वाटेचा दिवाणी दावा असेल तर तालुक्याच्या लोकअदालतीत तडजोड नोंदवा, तो निवाडा कोर्टाच्या हुकूमनाम्याइतकाच पक्का, वर अपील नाही आणि कोर्ट फी पण परत मिळते.

आणि एक, दबाव आणायला म्हणून कुणाला वाळीत टाकायचं बोलणं निघालं तर तिथेच थांबवा. रायगडातल्या प्रकरणांनी बोंब झाल्यावर सामाजिक बहिष्काराविरुद्ध 2016 चा कायदा आला, तीन वर्षांपर्यंत कैद नाहीतर लाखापर्यंत दंड नाहीतर दोन्ही, आणि ठराव करायला बसलेले पंच पण त्यात येतात. तंटामुक्त समिती 2007 पासून गावोगाव आहे, तिला कळवा, सहीला बोलवा, पण ती एका गटाच्या हातात असेल तर बैठक तिच्या नावाने घेऊ नका.

कागद दोन पानांचा, साध्या मराठीत. आमचा मान असा ठरला की एका वर्षी आधी वरची सहाण, पुढच्या वर्षी खालची. हे कुणी सुचवलं असेल तर भांडणातल्याच दोघा म्हाताऱ्यांनी, बागेत बिड्या ओढताना. गंमत म्हणजे माझ्या 11 मुद्द्यांत तो सातवा होता. मी तोंड उघडलं नाही. देवीला कौल लावू असं काहींचं म्हणणं होतं, आम्ही नको म्हटलं, कारण कौल विरुद्ध गेला की गुरव कुणाचा यावरून नवीन भांडण. आधी सह्या झाल्या, मग देवळात गाऱ्हाणं घातलं, नारळ ठेवला, दोन्हीकडच्यांनी एकाच ताटातून प्रसाद घेतला.

कागद झाला की काम संपलं समजू नका. बोरामानंतर सोमालीलँडमध्येच 1994 ला परत लढाई पेटली, ती 1996-97 च्या हर्गेसाच्या बैठकीत मिटली, आणि 2023 मध्ये पूर्वेकडच्या लास अनोद शहरात पुन्हा रक्त सांडलं, तिथल्या बऱ्याच लोकांना या सगळ्यात आपण आहोत असं वाटत नव्हतं. गुर्तीच्या जागाही निवडणुकीविना वर्षानुवर्षं त्याच माणसांकडे नाहीतर त्यांच्या वारसांकडे. म्हणून आमच्याकडे दोन्हीकडून बैठकीला बसणारी पाच-पाच माणसं दर दोन वर्षांनी बदलतात आणि त्यात एक जण तिशीच्या आतला लागतोच. पहिल्या शिमग्याला दोन्हीकडून एकेक जण पालखीबरोबर रात्रभर फोन चालू ठेवून होता, दारू प्यायलेल्याला त्याच्याच भावकीने घरी न्यायचं हे आधीच ठरलेलं, दोघांना नेलंही.

तुमच्याकडे आत्ता काही चालू असेल तर शिमग्याच्या तोंडावर जाऊ नका, तेव्हा डोकी आधीच तापलेली असतात. गणपतीत जा. चाकरमानी घरी असतात, रोज आरतीला दुसऱ्याच्या घरी जायची सवय असते आणि दुसऱ्या दिवशी कामाला पळायचं नसतं. सुनांना मात्र त्याच्या महिनाभर आधी भेटा.